झाकायचं काय, दाखवायचं कुणाला

नाताळच्या आदल्या आठवड्यात, सकाळी आंघोळ करताना, डाव्या स्तनात मला एक गाठ लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. मी अंगावर पाणी घेतलं, साडी नेसले, ब्लाउजचे हूक लावले आणि ती गोष्ट आत बंद करून टाकली. पुढचे नऊ महिने मी ती कुणालाही सांगितली नाही. नवऱ्याला नाही, सासरी गेलेल्या लेकीला नाही, कन्फेशनला गुडघे टेकले तेव्हा फादरांनाही नाही. आज मी हे स्वच्छ लिहू शकते, कारण त्या नऊ महिन्यांच्या शेवटी माझ्यावर जी कृपा झाली तिच्याबद्दल माझ्या मनात तिळभरही शंका नाही. पण तेव्हा मी घाबरले होते, आणि त्या भीतीला मी फार चांगलं नाव देऊन ठेवलं होतं. मी तिला मर्यादा म्हणत होते.

मी ब्लाउज शिवते. हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागच्या बोळात माझं छोटं दुकान आहे. घर धारवाडला, केलगेरीच्या बाजूला. नवरा धारवाडजवळच्याच बेलूरच्या कारखान्यात. सकाळी तो एक बस धरतो, मी दुसरी. आम्ही मूळचे खानापूरकडचे कॅथलिक. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि प्रार्थना त्या त्या वेळी ओठांवर येईल त्या भाषेत. ब्लाउजांबरोबर मी लग्नातल्या नवरीमुलींचे पांढरे गाऊनही शिवते, आणि त्या बाबतीत माझा नियम आमच्या सगळ्या पॅरिशला ठाऊक होता. वेदीपुढं उभी राहणारी मुलगी खांदे झाकूनच उभी राहील. मोबाइलवर उघड्या पाठीचं चित्र घेऊन आलेल्या मुलीला मी प्रेमानं बसवायची, चहा पाजायची, आणि मापं घेताना गळा दोन बोटं वर घेऊन टाकायची. चर्चच्या दाराशी मी स्वतः शिवलेल्या ओढण्यांची एक टोपली ठेवली होती. बिनबाह्यांचं घालून कुणी आलं की मी काही बोलत नसे, फक्त टोपली पुढं करत असे. काही जणी ओढणी घेत, काही जणी माझ्याकडं बघून पुढं जात.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा-उपासना झाल्यावर मी दृढीकरण-संस्काराची तयारी करणाऱ्या मुलींना धर्मशिक्षण द्यायची. वर्षातला एक रविवार पोशाखाचा. मी त्यांना सांगायची, तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. मंदिराला दार असतं आणि आतल्या पवित्र जागेला पडदा असतो, तो आतलं वाईट आहे म्हणून नव्हे, मोलाचं आहे म्हणून. हे मी तेव्हाही मनापासून मानत होते आणि आजही मानते. पण शिकवता शिकवता, कुठं कोण जाणे, माझ्या स्वतःच्या मनात त्या पडद्याची भिंत झाली होती. लेक झाली तेव्हा माझ्या बाळंतपणात नन सिस्टरांच्या दवाखान्यात सगळ्या बायकाच होत्या, तरी मी डोळे घट्ट मिटून पडले होते. आणि आता या गाठीसाठी मोठ्या इस्पितळात जायचं म्हणजे अनोळखी डॉक्टर, बहुतेक पुरुष, मशीनवरची माणसं, विद्यार्थी. त्या सगळ्यांसमोर उघडं व्हायचं. मनात यायचं, देवानं दिलेलं शरीर त्याच्याकडं झाकूनच परत जाऊ दे. या विचाराचा मला थोडा अभिमानही वाटायचा. तो अभिमान कबूल करायला मला गाठ कबूल करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

गाठ माझ्या अभिमानाकडं बघत थांबली नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत ती सुपारीएवढी झाली. पावसाळ्यात वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली. डावा हात वर केला की काखेत ओढ बसायची, म्हणून मी कापडाचे तागे खालच्या फळीवर आणून ठेवले. नवऱ्यानं विचारलं, तर म्हटलं, वर धूळ बसते. मी रोज जपमाळ करत होते, आणि रोज वाटत होतं की पलीकडं कुणी ऐकत नाही. तीस वर्षं ज्याच्या घरात मी टोपली घेऊन दाराशी उभी राहिले, तो माझ्याशी एक शब्द बोलायला तयार नव्हता.

सप्टेंबरात मरियामातेच्या जन्माचा सण येतो. त्याआधीच्या नोव्हेनाला, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, मी सकाळी चर्चमध्ये जाऊन मगच दुकानाला जायची. त्यातल्या एका सकाळी मी मातेच्या पुतळ्यापुढं खूप वेळ बसले. डोक्यापासून पायापर्यंत निळ्या-पांढऱ्या वस्त्रात ती उभी होती. मी तिला म्हटलं, "माते, तू बाई आहेस, तुला कळतं. मला कुणापुढं उघडी पडू देऊ नकोस." तेवढंच मागितलं. बरं कर म्हणायचंही धाडस झालं नाही. मग बस धरून हुबळीला आले, शटर वर केलं आणि मशीनवर बसले.

अकराच्या सुमाराला एक बाई दारात येऊन उभी राहिली. साठीची असावी. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, काखेत कापडी पिशवी. आत वाकून बघत तिनं विचारलं, "अक्का, हितं बाईच शिवती न्हवं? का आत मास्तर हाय?"

मी म्हटलं, "मीच शिवते. या, बसा."

"बरं झालं गे बाई. चार दुकानं फिरून आलो. सगळीकडं बाप्येच." आमच्या भागातल्या खेड्यांत बायकाही 'आलो', 'गेलो' असंच बोलतात. तिचं नाव शांताक्का. अळणावरजवळच्या एका खेड्यात तिची भातशेती होती. सकाळच्या गाडीनं ती हुबळीला आली होती, इस्पितळात तपासून घेऊन आता ब्लाउजसाठी फिरत होती. तिनं पिशवीतून मोरपंखी रंगाचं कापड काढलं, पडद्यामागं आली, पडदा नीट लागलाय का ते स्वतः ओढून बघितलं, आणि मग अगदी सहज ब्लाउजचे हूक काढले.

तिची डावी बाजू सपाट होती. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत एक आडवी फिकट खूण, चांगल्या हातानं घातलेल्या शिवणीसारखी.

"ही बाजू रिकामी हाय," ती म्हणाली. "हितं कायतरी मऊ भरून शीव. भाचीचं लगीन हाय. पदर सरकला की खड्डा दिसतोय."

माझ्या हातातली टेप खाली पडली. ती उचलायचं मला सुचेना. शेवटी मी जे विचारलं, ते कुणी कुणाला विचारू नये असं होतं. "डॉक्टर बाई होती?"

"न्हाई. बाप्या."

"आणि तुम्ही त्याला दाखवलंत?"

शांताक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं लहान पोरीकडं बघतात. "मग? दाखवल्याबिगर त्याला कसं कळणार? त्याला दाखवलं ते जगायला. मास्तराला कशाला दाखवू? लाज हाय की मला. म्हणून तर चार दुकानं सोडून तुझ्याकडं आलो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला कुठल्या बाजूला हाय?"

मी म्हटलं, मला कुठं काय आहे. ती म्हणाली, "मघापासनं तुझा हात तिथंच जातोय."

नऊ महिने जे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ते त्या पडद्यामागं, जिचं नाव मला दहा मिनिटांपूर्वी ठाऊक नव्हतं तिच्यापुढं बोलून गेले. बोलताना मी रडले नाही. सगळं सांगून झाल्यावर मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. शांताक्कानं हूक लावले, पदर नीट केला, आणि म्हणाली, "चल."

"उद्या जाईन."

"उद्या मी कुठं हाय हितं? आज हाय. गाडी संध्याकाळीबी हाय मला. मी येतो की तुझ्यासंगट."

मी शटर ओढलं. कसं ओढलं ते मला आठवत नाही, पण कुलूप तिनं हलवून बघितलं, ते आठवतं. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती, आणि मी न विचारता तिच्या शेतातल्या रानडुकरांच्या त्रासाबद्दल बोलत होती.

ऑपरेशननंतर तिला तपासणाऱ्या लेडी डॉक्टर त्या दिवशी रजेवर होत्या. तपासणीला माझ्या लेकीच्या वयाचा एक डॉक्टर होता. ते ऐकताच मी बाकावरून उठले. शांताक्का माझ्याबरोबर उठली, पण दाराकडं गेली नाही. सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली आणि कन्नडमध्ये त्यांना म्हणाली, की पडदा लावा, नर्सबाईला जवळ उभं करा, आणि लागतंय तेवढंच उघडा. माझी बहीण भिणारी आहे. मला वाटलं, तो हसेल किंवा चिडेल. तो उठून उभा राहिला. "हागे माडोण, अम्मा," तो म्हणाला. तसंच करू. आणि त्यानं अगदी तसंच केलं. हात लावायच्या आधी सांगायचा, कुठं लावणार आहे. दुसरी बाजू नर्सनं चादरीनं झाकून धरली होती. मी एकदाच डोळे उघडले. त्याची नजर बघून मला ती नजर ओळखीची वाटली. कापडात धागा कुठं सुटलाय ते शोधताना माझी नजर अशीच असते. मी किती वर्षं चुकीच्या भीतीनं जगले, ते मला त्या टेबलावर पडल्या पडल्या कळलं.

डॉक्टर रागावले, पण हळू आवाजात. उशीर केलात, अम्मा. फार उशीर नाही, पण उशीर.

त्या संध्याकाळी शांताक्काला गाडीत बसवून मी घरी गेले आणि नवऱ्याला सांगितलं. तो कारखान्यातून येऊन चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. "नऊ महिने?" एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "मी तुझा कोण आहे गं?" माझ्या मर्यादेनं ज्यांना दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांत तोही होता. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली, आणि पुढची प्रत्येक तपासणी, प्रत्येक सुई, तो माझ्या शेजारी होता.

ऑपरेशनच्या आधी फादर रुग्णाभ्यंग, आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, द्यायला आले. त्याआधी मी कन्फेशन केलं आणि त्यांना विचारलं, की परपुरुषापुढं अंग उघडं केलं, यात पाप झालं का. फादर वयस्क आहेत, सावकाश बोलतात. ते म्हणाले, "नऊ महिने तुम्ही ते मंदिर कुणापासून राखत होता, बाई? दुरुस्तीला आलेल्या गवंड्यापासून?" मला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. मग ते म्हणाले, शालीनता म्हणजे शरीराची लाज नव्हे, शरीराचा मान. जी नजर तुम्हाला वस्तू करायला येते, तिच्यापासून शरीर राखायचं, तो मान. जी नजर तुम्हाला बरं करायला येते तिच्यापुढं ते विश्वासानं ठेवायचं, तोही मानच. चर्चनं तुम्हाला दोन्ही शिकवलं होतं. तुम्ही अर्धंच घेतलंत.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर झोपवलं. पाठीमागून उघडा, दोन नाड्यांवर अडकलेला. पुरुष वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत होते. छताचे दिवे एकेक करून वरून जात होते, आणि मला क्रूसाच्या वाटेची आठवण झाली. गुड फ्रायडेला आम्ही चर्चच्या आवारात चौदा स्थानांपाशी थांबत थांबत जातो. दहाव्या स्थानापाशी येशूची वस्त्रं काढून घेतात. इतक्या वर्षांत मी त्या स्थानापाशी नेहमी मान खाली घालायची आणि प्रार्थना भराभर म्हणून पुढं सरकायची. प्रभूला तसं बघणं मला सोसत नसे. त्या सकाळी मी तिथून पुढं सरकू शकत नव्हते. त्याची वस्त्रं अपमान करायला ओढली होती, माझी बरं करायला काढणार होते. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. तरी जिथं मला जायची सगळ्यात जास्त भीती होती, तिथं तो माझ्या आधी जाऊन उभा होता, आणि त्याचा मान कुणालाही काढून घेता आला नव्हता. मी मनात म्हटलं, प्रभू, हे शरीर तुझंच आहे. ज्यांच्या हातात तू देशील, त्यांच्या हातात मी देते. त्यानंतर एका नर्सनं माझ्या गळ्यापर्यंत जाड चादर ओढली आणि बाजूंनी नीट खोचली, आई खोचते तशी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला इतकं शांत वाटलं, की पुढचं काही आठवत नाही.

डावा स्तन गेला. पुढं औषधांनी केस गेले, जिभेची चव गेली, भुवयासुद्धा गेल्या. हे महिने सोपे नव्हते, ते सोपे होते असं मी लिहिणार नाही. पण त्यात एकही दिवस असा आला नाही, की पलीकडं कुणी ऐकत नाही असं वाटलं. मी वॉर्डमध्ये असताना शांताक्का तिचा ब्लाउज न्यायला आली होती. दुकान बंद बघून शेजाऱ्यांना विचारत इस्पितळात पोचली. ब्लाउज तयार नव्हता, त्याचं तिला काही वाटलं नाही. माझ्या पायाशी बसून भाजलेल्या शेंगा सोलत राहिली आणि जाताना म्हणाली, "तुझ्या मेरीअम्माला माझंबी नाव सांग." लग्नाच्या चार दिवस आधी माझ्या नवऱ्यानं तिचं कापड ओळखीच्या एका शिवणाऱ्या बाईकडं नेलं, आत काय आणि कसं भरायचं ते मी पलंगावरून फोनवर सांगितलं, आणि ब्लाउज अळणावरला पोचवला. पॅरिशमधल्या काही जणी म्हणतात, शांताक्का म्हणजे देवदूतच. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की त्या देवदूताला डुकरांचा फार त्रास आहे, आणि माझ्या प्रार्थनेत तिचं नाव रोज असतं.

आता तपासण्या चांगल्या येतात. मी परत मशीनवर बसते, परत धर्मशिक्षण घेते. या वर्षी पोशाखाचा रविवार आला तेव्हा मुली नेहमीपेक्षा आधीच येऊन बसल्या होत्या. माझ्या आजाराबद्दल सगळ्यांना कळलं होतं. मी त्यांना मंदिर आणि पडदा सांगितला, आधीसारखाच. मग आधी कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तुमच्या शरीराला काही झालं, गाठ लागली, दुखलं, कुणी नको तिथं हात लावला, तर ते झाकायचं नाही. आईला सांगायचं, डॉक्टरला दाखवायचं, आई ऐकत नसेल तर माझ्याकडं यायचं. झाकतो ते मोलाचं असतं म्हणून, आणि मोलाच्या वस्तूला कीड लागली तर आपण पेटी उघडतो. एक धीट मुलगी म्हणाली, "बाई, मग आता चर्चला स्लीव्हलेस चालेल?" मी म्हटलं, "नाही चालणार. टोपली अजून तिथंच आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आता टोपली दाराशी एका बाकावर असते, आणि मी आत बसलेली असते. जिला हवी, ती ओढणी घेते. पूर्वीपेक्षा जास्त जणी घेतात, हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच रविवारी संध्याकाळी वर्गातल्या एका मुलीची आई माझ्याकडं आली. मुलीनं घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि म्हणाली, "कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "उद्या सकाळी नऊच्या बसला या. मी स्टँडवर आहे."

सोमवारी इस्पितळात ती पडद्याआड गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, आता इथं हात लावतो, अम्मा, मग तिचं हळूच 'हं'. मी जपमाळ काढली. काही मागायचं नव्हतं. ज्यानं माझं शरीर घडवलं, ज्यानं त्याचा एक भाग परत घेतला आणि उरलेलं मला कामाला ठेवलं, त्याचे आभार मानायचे होते; आणि ते मानायला चर्चच्या बाकापेक्षा त्या इस्पितळाचा बाक मला तेव्हा काडीइतकाही कमी वाटला नाही. पडदा सरकला. ती बाहेर आली, पदर सावरत, आणि मला म्हणाली, "साधी गाठ आहे म्हणे. उगाच घाबरले होते." मग माझ्या शेजारी बसून ती खूप रडली. मी तिला रडू दिलं.